पालगडची आई, ग्वाल्हेरच्या वनमालाबाई

१० ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते देशातले पहिले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले. १९५३ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’च्या वाट्याला प्रशस्तिपत्र आलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड नावाच्या खेड्यात, कर्जाने पोखरलेल्या घरात राहणाऱ्या एका बाईची गोष्ट स्वतंत्र भारताच्या पहिल्या सुवर्णपदकाची मानकरी ठरली.

मात्र जिच्या चेहऱ्यावर, आवाजावर आणि चालण्या-बोलण्यावर हा चित्रपट उभा आहे, त्या नटीला, वनमालाबाईंना, त्या दिवशी काहीच मिळालं नाही. अन्याय असा कुणी केला नाही, पुरस्कारांत तशी सोयच नव्हती. अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कार द्यायला सुरुवात झाली ती १९६७ सालच्या चित्रपटांपासून, आणि पहिला मान ‘रात और दिन’साठी नर्गिसला मिळाला. फिल्मफेअर पारितोषिकं १९५४ मध्ये सुरू झाली, पण ती हिंदीपुरती. वनमालाबाईंची ही भूमिका अशी पुरस्कारांच्या यादीत कुठेच नोंदली गेली नाही. मराठी घरांनी ती नोंदवली, पण ‘श्यामची आई’ या नावाने. भूमिका राहिली आणि नटीचं नाव मागे पडलं. आज चाळिशीतल्या कुणालाही विचारा, श्यामची आई कोणी केली होती? बहुतेक जण श्याम झालेल्या माधव वझ्यांचं नाव सांगतील, अत्र्यांचं सांगतील, वसंत देसाईंच्या संगीताची आठवण काढतील. आईपाशी येऊन मात्र अडखळतील.

म्हणून हा लेख वनमालाबाईंवर आहे. त्यांच्या इतर भूमिकांवरही आहे, कारण त्या पाहिल्याशिवाय या एका भूमिकेसाठी त्यांनी काय काय खाली उतरवून ठेवलं हे कळत नाही.

त्यांचं खरं नाव सुशीला पवार. जन्म १९१५ चा, उज्जैनचा. वडील ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर, शिंदे सरकारच्या दरबारात वजन असलेले. मराठ्यांच्या सरदारी वळणाचं घर, पडदा, रीतभात, घोडे, नोकरचाकर. त्या घरातली मुलगी पदवीधर झाली, पुण्यात आली, आगरकर हायस्कुलात शिक्षिका म्हणून काम करू लागली. अत्र्यांची ओळख पुण्यातली. अत्रे तेव्हा नाटककार आणि पटकथाकार म्हणून ऐन भरात होते. ‘ब्रह्मचारी’ १९३८ मध्ये येऊन गेला होता. खानदानी घरातल्या, शिकलेल्या मुलीने सिनेमात जाणं हे तेव्हा घरच्यांना सहज पचण्यासारखं नव्हतं. दुर्गाबाई खोट्यांनी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ करून ही वाट उघडली होती, तरी आठ वर्षांनंतरही ती रुळलेली नव्हती. १९४० मध्ये ‘लपंडाव’ आला आणि सुशीलाबाई पवार वनमाला झाल्या.

पुढच्याच वर्षी त्यांनी दोन टोकांच्या भूमिका केल्या. एक ‘पायाची दासी’मधली. हा अत्र्यांचा चित्रपट, दिग्दर्शक गजानन जागीरदार, हिंदीत ‘चरणों की दासी’. सासू दुर्गाबाई खोटे आणि सून वनमाला. सासूचा जाच हा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता, पण दुर्गाबाईंची सासू इतकी जरबेची होती की बंगालच्या चित्रपट-पत्रकारांच्या संघटनेने त्यांना त्याबद्दल गौरवलं. अशा सासूपुढे सुनेचं काम करणं अवघड. बोलायला तिच्या वाट्याला थोडं, सोसायला फार. सोसणाऱ्या बाईचं काम करताना बहुतेक नट्या डोळ्यांत पाणी आणून मोकळ्या होतात. ते न करता सोसणं दाखवण्याची पहिली तालीम वनमालाबाईंची इथे झाली, असं मला वाटतं.

दुसरी भूमिका ‘सिकंदर’मधली रुखसानाची. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनचा हा भव्य चित्रपट. पृथ्वीराज कपूर सिकंदर, स्वतः मोदी पोरस, आणि वनमाला इराणी रुखसाना. मॅसिडोनियाहून निघून अर्धं जग पादाक्रांत करत आलेला राजा एका इराणी मुलीत गुंततो, त्याचा गुरू अ‍ॅरिस्टॉटल त्याला सावध करतो, आणि तीच रुखसाना पुढे हिंदुस्थानात येऊन पोरसला राखी बांधते, आपल्या माणसाचा जीव वाचावा म्हणून. इतिहासात हे कुठे सापडणार नाही. पण १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, परक्या आक्रमकापुढे ताठ मानेने उभा राहणारा पोरस पाहून थिएटरं दणाणत होती, आणि काही लष्करी छावण्यांतल्या थिएटरांत तो दाखवू दिला गेला नाही. वनमालाबाई त्यात दागिन्यांनी मढलेल्या आहेत. उंच बांधा, गोरा रंग, घारे डोळे. युरोपातल्या एखाद्या स्टुडिओने ग्रीक-इराणी काळावर चित्रपट काढला असता तर तिथेही शोभल्या असत्या. पृथ्वीराजांच्या घनगंभीर आवाजापुढे त्यांचा आवाज दबत नाही, हे मुद्दाम ऐकण्यासारखं आहे. राजाशी बरोबरीने बोलण्याची सवय त्या घरातूनच घेऊन आल्या होत्या.

त्यानंतर ‘वसंतसेना’. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून अत्र्यांच्या संस्थेने १९४२ मध्ये काढलेला. उज्जयिनीची गणिका, आणि ती करणारी नटी जन्माने उज्जैनची. १९४४ मध्ये शांतारामबापूंच्या ‘पर्बत पे अपना डेरा’मध्येही नायिका त्याच. चाळीसच्या दशकात पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक अशा चित्रपटांतून त्या सतत काम करत होत्या. त्यातलं बरंचसं आज पाहायलाच मिळत नाही, आणि न पाहिलेल्या कामाची भलावण करण्यात अर्थ नाही. एवढं मात्र दिसतं की या दशकभर सिनेमाने त्यांच्याकडून मुख्यतः रूप मागितलं. राजकन्या, गणिका, परदेशी सुंदरी. कपडेपट आणि दागिने हा भूमिकेचा निम्मा भाग. त्या रूपाच्या आतली बाई दाखवण्याची संधी त्यांना मिळाली ती अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

आता पालगडकडे वळू.

दापोली तालुक्याच्या कडेला, खेडच्या हद्दीलगत हे गाव आहे. वर पालगडचा किल्ला, खाली जांभ्या दगडाची घरं, आंबा-काजू, पावसात भरून वाहणारे वहाळ. २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांचा जन्म इथला. घर खोताचं. पण खोत म्हटला की पैसेवाला असं सरसकट नव्हे. नाव खोताचं, मान खोताचा आणि पेटीत सावकाराचे कागद, अशी घरं तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात कितीतरी होती. भावाभावांत वाटण्या होत, वाटणीबरोबर कर्जाचीही वाटणी होई, कोर्टकचेऱ्या चालत, आणि शेवटी दवंडी पिटून घरावर जप्ती येई. सान्यांच्या घरात हे सगळं घडलं. गुरुजींच्या आई यशोदाबाईंनी सुबत्तेत संसार सुरू केला आणि तो पुढे खोपटात नेला. १९१७ मध्ये त्या गेल्या. मुलगा शिकायला पुण्यात होता.

त्या मुलाने फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहून काढलं. १९३५ मध्ये ते छापून आलं. बेचाळीस रात्री श्याम आश्रमातल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, असा त्याचा घाट. या आठवणींना रत्नागिरीची माती इतकी लागली आहे की जिल्ह्यातल्या माणसाला ते पुस्तक नकाशासारखं वाचता येतं. दापोलीची मिशनची शाळा, हर्णे बंदर आणि तिथली बोट, लाडघरचं तामस्तीर्थ, दापोलीहून पालगडपर्यंतची पावसातली पायपीट, पत्रावळी लावणं, सुपारी, केळीची पानं. ‘तेल आहे तर मीठ नाही’ हे तर एका प्रकरणाचं नावच आहे. कोकणातल्या बायकांनी हे वाक्य पिढ्यान् पिढ्या चुलीपाशी म्हटलेलं आहे, गुरुजींनी ते तिथून उचललं.

आणि एक गोष्ट या पुस्तकाबद्दल नेहमी सांगायची राहून जाते. त्यातली आई हळवी आहे, पण मऊ नाही. सावकाराचा माणूस दारात बसून घालून-पाडून बोलू लागतो तेव्हा ती ऐकून घेत नाही. मुलगा पैसे चोरतो तेव्हा ती त्याला पाठीशी घालत नाही. पोहायला घाबरून लपणाऱ्या मुलाला ती बाहेर ओढून काढते आणि शिंपटीने झोडपते. गुरुजींच्या अश्रूंची एवढी ख्याती झाली की त्या अश्रूंच्या मागे उभी असलेली ही कणखर बाई दिसेनाशी झाली. शाळेच्या पुस्तकांत दोन-तीन गोड प्रसंग निवडून घेतले गेले, त्याने हे आणखी वाढलं.

अत्र्यांनी हे पुस्तक पडद्यावर आणायचं ठरवलं तेव्हा गुरुजी हयात नव्हते. ११ जून १९५० रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला होता. चित्रपट ६ मार्च १९५३ ला प्रदर्शित झाला. निर्मिती, दिग्दर्शन, लेखन असं सगळं अत्र्यांचं. अडचण मोठी होती. पुस्तकाला कथानक असं नाही, सुट्या आठवणी आहेत. नायक नाही, खलनायक नाही, प्रेमप्रकरण नाही. प्रमुख पात्र असलेली बाई घर, अंगण, विहीर आणि देऊळ यांच्या पलीकडे फारशी जात नाही. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना म्हणजे हळूहळू गरीब होत जाणं. अडीच तासांचा चित्रपट यावर धरून ठेवायचा तर आईच्या कामाला अशी नटी हवी, जिच्याकडे नुसतं पाहत राहावंसं वाटेल आणि जी स्वतःकडे पाहा असं कधीच सुचवणार नाही.

अत्र्यांनी रुखसानाला निवडलं. हा निर्णय मला आजही धाडसाचा वाटतो. आईची कामं करणाऱ्या नट्या मराठीत होत्या. ग्वाल्हेरच्या सरदारी वळणात वाढलेल्या, दशकभर राजकन्या आणि गणिका करत आलेल्या नटीला कोकणातल्या भिक्षुकी शेजारात राहणाऱ्या, हातात झाडू आणि पोळपाट असलेल्या बाईचं नऊवारी नेसवणं, हे सहज सुचणारं नाही. पण अत्रे त्यांना पुण्यापासून ओळखत होते. आणि एका अर्थाने निवड अचूक होती. यशोदाबाई जन्मापासून दरिद्री नव्हत्या. त्यांनी चांगले दिवस पाहिले होते. ज्या बाईच्या अंगात मुळात मान आहे, तिच्याकडून तो एकेक करून काढून घेतला जातो तेव्हा ती ताठ कशी राहते, हे वनमालाबाईंना शिकवावं लागलं नसेल. चित्रपटात त्यांचं चालणं पाहा. घर सुटतं, दागिने जातात, लुगडं विटतं, अंगात ताप येतो, पण मान खाली जात नाही. सिकंदरासमोर उभी राहणारी मान तीच.

दोन प्रसंग जवळून पाहू.

पहिला पायांचा. मूळ पुस्तकात लहानग्या श्यामची अंघोळ उघड्यावर, मोठ्या धोंडीवर होते. अंग पुसून झालं, पण ओले तळवे जमिनीला टेकवायचे नाहीत, माती लागेल, असा त्याचा हट्ट. आईने आपले ओचे धोंडीवर पसरावेत, त्यावर पाय टिपून मग त्याने उडी मारून पुढे जावं. आई तसं करते. अंगावरचं लुगडं ओलं होतं, तरी करते. मग देवाला फुलं वाहायला निघालेल्या मुलाला ती पायांच्या मातीवरून मनाच्या मळाचं सांगते. हे सांगणं इतकं प्रसिद्ध आहे की पडद्यावर ते पोथीसारखं होण्याचा धोका पुरेपूर होता. वनमालाबाईंनी तो टाळला आहे. त्या बोलताना हातातलं काम सोडत नाहीत. उपदेश करतेय असा सूर लावत नाहीत, थांबत नाहीत, मुलाच्या चेहऱ्यावर परिणाम झाला का हे पाहत नाहीत. रोज शंभर गोष्टी सांगणारी आई आणखी एक गोष्ट सांगते, एवढंच. पुढे प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांना पाठ झालेलं वाक्य त्यांनी अगदी रोजच्या स्वरात म्हणून टाकलं. याला मी मोठा अभिनय म्हणतो.

दुसरा प्रसंग पोहण्याचा. विहिरीवर गावची मुलं कमरेला सुकडी बांधून पोहायला शिकताहेत आणि श्याम घरात लपून बसलाय. आई त्याला शोधून काढते, छडी घेते आणि मारत मारत बाहेर घालवते. भित्रा म्हणून गावाने हसावं, हे तिला मान्य नाही. संध्याकाळी तोच मुलगा पाठीवरचे वळ दाखवतो तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येतं. बहुतेक नट्यांनी, आणि बहुतेक दिग्दर्शकांनीही, दुसऱ्या भागावर भर दिला असता, मार थोडा सौम्य केला असता. इथे मार खरा वाटतो. ती आई त्या क्षणी रागावलेली आहे आणि आपण बरोबर करतोय याची तिला खात्री आहे. म्हणून नंतरचं रडणं लागतं. आधीची काठी खरी नसती तर नंतरचे अश्रू नुसते गोड झाले असते.

माधव वझ्यांचं श्रेय इथे द्यायलाच हवं. श्याम झाले तेव्हा ते तेरा वर्षांचेही नव्हते. पुढे ते इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले. पण त्यांच्या श्यामचं घाबरणं, रुसणं, चिडणं हे सगळं समोरच्या आईच्या नजरेवर चालतं. दोघांमधलं नातं शब्दांआधी दिसतं. बाबूराव पेंढारकर, सुमती गुप्ते, सरस्वती बोडस, दामूअण्णा जोशी अशी मातब्बर मंडळी या चित्रपटात आहेत. प्रबोधनकार ठाकरेही एका छोट्या भूमिकेत दिसतात. एवढ्या गर्दीत चित्रपट आई-मुलावरून ढळत नाही.

१९५० च्या आगेमागे जगभरच्या सिनेमात गरीब घरातली आई केंद्रस्थानी येत होती. इटलीत अ‍ॅना मॅग्नानी होती. ‘रोम, ओपन सिटी’मध्ये जर्मन सैनिक आपल्या माणसाला ट्रकमधून नेताहेत म्हणून ओरडत रस्त्यावर धावत सुटणारी आणि गोळी लागून पडणारी पिना तिने १९४५ मध्ये केली. १९५१ च्या ‘बेलिसिमा’त मुलीला सिनेमात काम मिळावं म्हणून स्टुडिओचे उंबरे झिजवणारी आई तिनेच केली. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात ‘रोम, ओपन सिटी’ आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवले गेले आणि आपल्याकडच्या सिनेमावाल्यांचे डोळे उघडले, असं म्हणतात. अत्र्यांच्या चित्रपटावर त्याची छाया मला दिसत नाही. त्यांची पाळंमुळं नाटकात आणि कीर्तनात आहेत. पण मॅग्नानी आणि वनमालाबाई शेजारी ठेवून पाहिल्या तर दोन संस्कृतींतलं आईपण कसं वेगळं बोलतं ते कळतं. मॅग्नानी सगळं बाहेर काढते. केस विस्कटलेले, आवाज फाटलेला, हात हवेत. वनमालाबाई सगळं आत ठेवतात. कोकणातल्या त्या काळच्या घरात सासरे, दीर, नवरा, शेजार यांच्यासमोर बाईला मोठ्याने रडण्याचीही मुभा नव्हती. माजघरात, अंधारात, डोळ्याला पदर लावून जे काय रडायचं ते. हे त्यांनी नेमकं पकडलं.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ आला. त्यातली करुणा बॅनर्जींची सर्वजया ही श्यामच्या आईची सख्खी बहीण शोभावी. तीच गरिबी, तसंच गाव, नवरा तसाच भाबडा. चोरीचा आळ आल्यावर सर्वजया आपल्या मुलीला, दुर्गाला, केस धरून ओढत घराबाहेर काढते. राय यांचा चित्रपट कलाकृती म्हणून फार वरचा आहे, हे मान्य करायला मला संकोच नाही. अत्र्यांचा कॅमेरा पुष्कळदा रंगमंचासमोर बसल्यासारखा स्थिर असतो आणि संवाद लांबतात. पण सर्वजया आणि यशोदा या दोन भूमिका तोलामोलाच्या आहेत. सर्वजयाबद्दल जगभर लिहिलं गेलं. यशोदेबद्दल मराठीतही धड लिहिलेलं नाही. १९५७ मध्ये नर्गिसची ‘मदर इंडिया’ आली आणि मग भारतीय सिनेमातली आई म्हटली की खांद्यावर नांगर घेतलेली तीच प्रतिमा पक्की झाली. तिच्यापुढे पालगडची आई आकाराने लहान. तिच्या हातात बंदूक येत नाही, ती मुलाला गोळी घालत नाही. मुलाने मोळी उचलून द्यावी, खोटं बोलू नये, विहिरीत उडी मारावी, एवढंच तिचं मागणं.

मोळीवरून जातीचा प्रश्न येतो, आणि तो टाळून या चित्रपटाबद्दल लिहिणं प्रामाणिक होणार नाही. पुस्तकात एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडते. ती महार, म्हणून कुणी हात लावत नाही. आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते आणि मग अंघोळ करून ये म्हणते. आजच्या वाचकाला ही अंघोळ खटकते, खटकायलाच हवी. त्या बाईची झेप तिच्या काळात तिथपर्यंत होती. तिच्याच मुलाने १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि आईने अर्धी सोडलेली वाट पूर्ण केली. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच भागातलं, मंडणगड तालुक्यातलं. खोती नष्ट व्हावी म्हणून त्यांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं आणि पुढच्या वर्षी शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. खोताच्या घरातली गरिबी आणि खोताच्या कुळाची गरिबी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ‘श्यामची आई’ पहिलीबद्दल बोलते. दुसरीबद्दल बोलणारा तितक्या ताकदीचा चित्रपट रत्नागिरी जिल्ह्याच्या वाट्याला अजून यायचा आहे.

वनमालाबाईंनी यानंतर फार काम केलं नाही. पन्नासच्या दशकातच त्या सिनेमापासून दूर होत गेल्या आणि पुढे वृंदावनात रमल्या. स्वामी हरिदासांच्या नावाने कलासंस्था चालवणं, मुलांना संगीत-नृत्याची गोडी लावणं, कृष्णभक्ती, असं त्यांचं पुढचं दीर्घ आयुष्य गेलं. मे २००७ मध्ये ग्वाल्हेरला, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. मुंबई-पुण्याच्या सिनेमाच्या वर्तुळात त्या नव्हत्या, समारंभांत दिसत नव्हत्या, मुलाखतींतून स्वतःला आठवणीत ठेवत नव्हत्या. दुर्गाबाईंनी आत्मचरित्र लिहिलं, हंसा वाडकरांनी सांगितलं, लीलाबाई चिटणीसांनी लिहिलं. वनमालाबाईंचं असं पुस्तक मराठी घराघरांत पोचलेलं नाही. नाव मागे पडण्याचं हेही एक कारण.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीला दुसऱ्यांदा मिळायला अर्धं शतक जावं लागलं. तो २००३ सालच्या ‘श्वास’ला मिळाला. त्यातही कोकणातून शहरात आलेला एक लहान मुलगा आणि त्याला उभं करणारं घरातलं वडीलधारं माणूस आहे. या दोन चित्रपटांना जोडणारा धागा कुणी ठरवून विणलेला नाही, पण तो दिसतो खरा. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा काढला, तोही कृष्णधवल. आई गौरी देशपांडे, साने गुरुजी ओम भूतकर. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. नव्या चित्रपटात गाव जास्त खरं दिसतं, पाऊस जास्त खरा वाटतो, गुरुजींचा काळ आणि राजकारणही येतं. गौरी देशपांडे यांनी काम समजून केलं आहे. पण त्यांच्यापुढे एक अडचण होती जी वनमालाबाईंपुढे नव्हती. त्यांच्याआधी एक श्यामची आई होऊन गेली होती.

पालगडला सान्यांचं घर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. शाळांच्या सहली येतात, मुलं फोटो काढतात, भिंतीवरचं वाचतात. २४ डिसेंबरला जिल्ह्यातल्या शाळांमधून गुरुजींची जयंती होते, भाषणं होतात, पायांच्या मातीची गोष्ट पुन्हा सांगितली जाते. रत्नागिरीतल्या शिक्षकांना, ग्रंथालयांना आणि स्मारक सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. यंदा भाषणं थोडी कमी करा आणि १९५३ चा चित्रपट मुलांना सलग दाखवा, पोहण्याच्या प्रसंगातला मार न गाळता. आणि सुरुवातीला फळ्यावर लिहा: आईच्या भूमिकेत वनमाला.